सांगितलं कुणी

पासलीच्या खाचरातलं भात घरच्याच माणसांनी कापायचं, मजूर लावायचा नाही, असा सोनबांचा रिवाज होता. शिरवळच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी, म्हणून कापणीही गुरुवारीच ठरायची. घरातली नि भावकीतली मिळून सहा माणसं त्या एकाच कारखान्यात होती आणि सहाही जणांना तिथं चिकटवलं होतं ते सोनबांच्या जावयानं, तिथं साहेब असलेल्या अजितनं. यंदाही सगळे आले. फक्त विळे हातात घेताना जो तो दुसऱ्याची नजर चुकवत होता. कारण उद्या, शुक्रवारी अकरा वाजता, सम्राटच्या तक्रारीची चौकशी होती. सम्राट हा सोनबांचा एकुलता मुलगा, आणि त्यानं तक्रार केली होती ती आपल्या दाजीविरुद्धच.

माधुरी भोरहून नवऱ्याबरोबर गाडीत बसून आली होती. वेल्हे मागं पडलं. मग रस्त्यावरची नजर न काढता अजितनं तिला समजावून सांगितलं. चौकशी समितीनं तिला बोलावलेलं नाही, बोलावण्याचं कारणही नाही. सम्राटचं म्हणणं असं, की तो कसा आहे हे साहेबांना, म्हणजे अजितला, कळलं म्हणून त्याला डावललं. आणि आपण लेखी उत्तर दिलंय, की त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं.

"माहीतच नव्हतं म्हटलं की पुढचं सगळं खुंटतं," तो म्हणाला. "तू फक्त गप्प राहा. आजही नि नंतरही."

माधुरीनं मान हलवली. होकार होता की नकार, ते तिचं तिलाही कळलं नाही.

अजितला माहीत होतं. मार्च महिन्यापासून माहीत होतं. आणि त्याला ते सांगणारी ती स्वतःच होती.

मार्चमधली ती सकाळ तिच्या डोक्यातून जात नव्हती. सम्राटनं तिसरं स्थळ नाकारलं होतं आणि आईचा रुसवा चुकवायला तो भोरला तिच्याकडं आला होता. ती पोळ्या लाटत होती. तो फ्रिजला पाठ लावून उभा होता. त्यानं सावकाश, जणू पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं सांगितलं होतं, "ताई, मला बायको नकोच आहे. मला मुली कधी आवडल्या नाहीत. मला मुलगे आवडतात." तव्यावरची पोळी जळाली तरी तिचा हात हलला नव्हता. मग तिनं गॅस बंद केला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही सुचेना म्हणून विचारलं, जेवलास का. त्यावर तो हसला होता. जाताना म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. दाजींना तर नकोच. मी त्यांच्या हाताखाली आहे." तिनं शब्द दिला होता.

तो शब्द चार दिवस टिकला. चौथ्या दिवशी अजितनं आपल्या ओळखीतल्या एका मुलीचा फोटो आणला. मुलगी चांगली शिकलेली होती. बघायला जायचा दिवसही त्यानं परस्पर ठरवून टाकला होता. एका पोरीचं वाटोळं होऊ नये आणि भावावरचा जोर कमी व्हावा, म्हणून तिनं सांगून टाकलं. अजितनं ऐकून घेतलं, फोटो परत पाकिटात घातला आणि विषय बंद केला. तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा किती समजूतदार आहे.

महिना उलटला आणि सम्राटची तपासणी विभागातून बदली झाली. आठ वर्षं तो यंत्रातून निघालेल्या सुट्या भागांची मापं घेत होता. केसाच्या जाडीइतका फरकही त्याच्या हातून सुटत नसे. त्याला भंगाराच्या गेटवर वजनकाट्यावर बसवलं. ऑगस्टमध्ये शिफ्ट इनचार्जची जागा भरली, ती मिळाली कुमारला. कुमार म्हणजे सोनबांच्या धाकट्या भावाचा, रखमाजीतात्यांचा मुलगा. त्याला मापं घ्यायला शिकवलं होतं सम्राटनंच. या सगळ्याचा संबंध माधुरीनं केव्हाच जोडला होता. पण जोडून ती काय करणार होती? तिनं ते कुणापाशी बोलायचं टाळलं. टाळत टाळत नोव्हेंबर उजाडला.

दुपारी बांधावरच्या जांभळीखाली सगळे जेवायला बसले. घेवड्याची आमटी, भाकरी, सुकटीची चटणी. साळूबाई वाढत होत्या. जावयाच्या ताटात त्यांनी दोनदा आमटी वाढली आणि लेकाला विचारलंही नाही. एवढ्यावरून माधुरीनं ओळखलं, की आईनं बाजू ठरवलीय.

विषय रखमाजीतात्यांनी काढला. त्यांनी फार गोडीनं सुरुवात केली. सम्राटचं मन दुखावलं हे खरं, पण घरातलं भांडण साहेबांच्या टेबलावर नेऊ नये. उद्या कंपनीनं विचारलं, की एका गावची, एका नात्यातली सहा जणं इथं आली कशी, तर काय सांगायचं? सहा चुली त्या एका कारखान्यावर पेटतात. कुमारचं लग्न जानेवारीत, आंबवड्याची सोयरीक, तीही इनचार्ज झाला म्हणून जुळलेली. फुलाबाई, कुमारची आई, डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. त्यांच्याऐवजी त्यांचा पदरच बोलत होता.

साळूबाई मात्र स्पष्ट बोलल्या. "लेकीचा संसार इस्कटून लेकाला खुर्ची न्हाई आणायची. माझ्या पोरीला उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तर तिनं कुठं जायाचं? आन कशापायी, तर असल्या गोष्टीपायी, जी चारचौघांत बोलता बी येत न्हाई."

ती 'असली गोष्ट' आता सगळ्यांना ठाऊक होती. सम्राटनं तक्रारीत स्वतःच्या हातानं ती लिहिली होती. कारखान्यातली एक प्रत गावात कशी पोचली ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ती पोचली होती.

सम्राट जेवण थांबवून ऐकत होता. त्याचा चेहरा या काही महिन्यांत ओढला होता. भंगाराच्या गेटवरच्या धुळीनं भुवयाही तपकिरी दिसत. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मला खुर्ची नकोय, आई," तो म्हणाला. "मला हे नकोय." आणि त्यानं वाचलं. निवडीच्या फॉर्मवर साहेबांचा शेरा होता, तेवढाच. कामात निपुण. परंतु सहकाऱ्यांना यांचं नेतृत्व मान्य होणार नाही. टीममध्ये बसणार नाहीत.

माधुरीनं हातातला घास ताटात परत ठेवला. हे शेवटचं वाक्य तिच्या ओळखीचं होतं. लग्न झालं तेव्हा अजित भोसरीला एका कंपनीत होता. त्यानं शिकवलेली पोरं तीनदा त्याच्या पुढं गेली. आडनाव वाचल्यावर तिथल्या साहेबांची नजर कशी बदलते, हे तो रोज घरी येऊन सांगायचा. तिसऱ्यांदा त्यानं धीर करून कारण विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले होते, तुम्ही टीममध्ये बसत नाही. त्या संध्याकाळी अजित जेवला नव्हता. मी कधी साहेब झालो तर आपल्या एकाही माणसाला दाराबाहेर उभं राहू देणार नाही, असं तो म्हणाला होता, आणि तो शब्द त्यानं पाळलाही होता. ही सहा माणसं म्हणजे त्या शब्दाचीच सहा माणसं होती. तेच वाक्य स्वतःच्या हातानं लिहिताना त्याला काही आठवलं नसेल का? तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो ताटाकडं बघत होता.

"तुझ्याबद्दल मला काही माहीतच नव्हतं, सम्राट," अजित म्हणाला. "शेरा कामावरून दिला."

"कामात निपुण असं तुम्हीच लिहिलंय, दाजी. आणि एप्रिलमध्ये मला बाजूला घेऊन सांगितलंत, की कपडे बदलायला पोरांच्या आधी जा नाहीतर नंतर जा. माहीत नव्हतं तर ते का सांगितलंत?" सम्राटनं कुमारकडं बोट केलं. "तुम्हाला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. हा माझ्या खोलीत राहत होता. यानंच माझा मोबाईल बघितला."

कुमारच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तो मुळातच कमी बोलणारा. शिरवळला चार वर्षं तो नि सम्राट एका खोलीत राहिले होते, एका डब्यात जेवले होते. ऑगस्टपासून सम्राट त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता आणि सप्टेंबरमध्ये फुलाबाईंनी त्याचं सामान तिथून हलवलं होतं.

"मी न्हाई सांगितलं," कुमार म्हणाला. "दादा, मला माहीत होतं. दोन वर्षांपासून. पण मी कुणाला न्हाई सांगितलं. आईला बी न्हाई."

"मग दुसरं कोण सांगणार?"

"मला काय ठाव? पण मी न्हाई."

रखमाजीतात्यांचा आवाज चढला. माझ्या पोरावर आळ घ्यायचा नाही, ते म्हणाले. सम्राट म्हणाला, आळ नाही, ज्याला जागा मिळाली त्यानंच माझी गोष्ट सांगून तिची किंमत मोजली असणार. कुमार मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. आपला खरेपणा सिद्ध कसा करायचा, हे त्याला कळत नव्हतं.

माधुरीला वाटलं, अजित आता बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल, की कुमारनं काही सांगितलेलं नाही. पण अजितनं हात धुतले. पाणी त्याच्या बोटांवरून मातीत गळत राहिलं.

"कुमारला सोड," माधुरी म्हणाली. "मी सांगितलं."

सम्राटची मान तिच्याकडं वळली.

"मार्चमध्ये. तू सांगितल्यावर चार दिवसांनी. यांनी एक स्थळ आणलं होतं, ते थांबवायला मी सांगितलं. मला वाटलं, यांना कळलं तर तुझ्या मागचा तगादा तरी थांबेल. बदली झाली तेव्हाच मला समजलं होतं. तरी मी गप्प बसले."

सम्राट तिच्याकडं बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. एखाद्या अनोळखी बाईकडं बघावं तसं तो बघत होता. मग त्यानं कागदाची घडी घातली, उठला आणि विळा घेऊन खाचरात उतरला.

अजितनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज साहेबाचा राहिला नाही. त्याला या पोराचं वाईट करायचं नव्हतं, तो म्हणाला. सम्राट एका शिफ्टच्या चाळीस पोरांवर इनचार्ज झाला असता. त्यातल्या एकानं खोटा का होईना आरोप केला असता, तर बोट कुणाकडं गेलं असतं? बघा, यांचा मेव्हणा. बघा, यांची माणसं.

"दुसऱ्याच्या पोरानं दहा चुका केल्या तर त्या त्याच्या असतात, आबा. आपल्या पोरानं एक केली की ती सगळ्या वस्तीची होते. मी वीस वर्षं हे बघतोय. सहा माणसं वाचवायला मी एकाला मागं ठेवलं."

सारा जन्म सोनबांनी बांधकाम खात्यात बिगारी म्हणून घाटाचे रस्ते दुरुस्त केले होते. माणसाशी बोलण्यापेक्षा दगड फोडणं त्यांना सोपं जाई. पोराबद्दल कळल्यापासून ते आठवडाभर विहाराच्या ओट्यावर एकटे बसत होते. काय विचार केला, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"त्यानं काय चूक केली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"काम येतं त्याला?"

"येतं. कुमारपेक्षा चांगलं येतं."

"मंग त्याला भंगारात का बसवलं, पाव्हणं?"

अजितनं खिशातून गाडीची किल्ली काढली. सोनबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना पोराचं सगळं उमगलं होतं, पटलं होतं, असं नव्हे. त्यांना एवढंच कळत होतं, की काम येणाऱ्या माणसाला कामावरून उठवलंय.

साळूबाई मात्र लेकीवर उखडल्या. नवऱ्याला उघडं पाडून तुला काय मिळालं, म्हणाल्या. माधुरी ताटं गोळा करू लागली, तर त्यांनी तिच्या हातातून ताटं काढून घेतली.

अजित गाडीपाशी गेला. माधुरी त्याच्या मागून गेली. उद्या मी तिथं येणार आहे, तिनं सांगितलं. बोलावलं नसलं तरी येणार आहे, आणि मार्चमध्ये काय झालं ते सांगणार आहे.

"माझी नोकरी जाईल हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी सांगणार?"

"तुम्ही आज कुमारला खोटं पडू देत होता," ती म्हणाली. "त्याच्याकडं बघून मला तुमची भोसरी आठवली."

अजितनं दार लावून घेतलं. गाडी वळणाआड गेल्यावर ती खाचरात परतली आणि राहिलेल्या ओळी कापायला बसली. पलीकडच्या टोकाला सम्राट होता. दोघांच्या मध्ये उभं भात होतं, ते कमी कमी होत गेलं. दोघं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर आले, तेव्हा तो उठून दुसऱ्या खाचरात गेला. तिथं कुमार पेंढ्या बांधत होता. सम्राटनं न बोलता पेंढीचं दुसरं टोक धरलं. ते काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. बराच वेळ दोघं वाकलेलेच होते. मग कुमारनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं माधुरी, सम्राट आणि कुमार असे तिघं निघाले. कुमारलाही कुणी बोलावलं नव्हतं, पण तो सुट्टी टाकून आला होता. फुलाबाई दारात रडत राहिल्या. साळूबाई बाहेरच आल्या नाहीत. सोनबा थांब्यापर्यंत आले आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले. लेकीला ते इतकंच म्हणाले, "खरं सांग. वाढवून बी नको आन राखून बी नको."

चौकशी कारखान्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत होती. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून तिघं आले होते. त्यांतल्या सुलक्षणा मॅडम प्रश्न विचारत आणि शेजारचा माणूस लिहून घेई. मॅडमनी आधी विचारलं, तक्रारदार तुमचे कोण? माधुरी म्हणाली, भाऊ. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते? माधुरी म्हणाली, माझे मिस्टर. लिहिणारा माणूस थांबला. कुणाच्या बाजूनं आलात, असं मॅडमनी विचारलं. माधुरीनं जरा विचार केला आणि सांगितलं, की बाजू मला ठाऊक नाही, तारीख ठाऊक आहे. मग तिनं सांगितलं. पोळीपासून फोटोपर्यंत, फोटोपासून वजनकाट्यापर्यंत. अजितला भोसरीत तीनदा कसं डावललं, तेही तिनं लिहून घ्यायला लावलं. त्याचा इथं संबंध नाही, मॅडम म्हणाल्या. "आहे," ती म्हणाली. "ते जन्माचे वाईट नाहीत, हे त्यात लिहिलेलं असू द्या."

ती बाहेर आली तर पॅसेजमधल्या बाकावर अजित बसला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. पण शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. घरी ती असती तर तिनं नीट केलं असतं. आताही तिचा हात तिकडं गेला आणि मध्येच थांबला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

त्याला आत बोलावलं. कुमार आपली पाळी येईल म्हणून भिंतीला टेकून उभा होता. सम्राट खिडकीतून मशीनशॉपकडं बघत होता. माधुरी बाकावर बसून राहिली. तिला वाटलं होतं तासभर लागेल. अजित दहा मिनिटांच्या आत बाहेर आला. तो तिच्या शेजारी बसला, पण तिच्याकडं वळला नाही.

"वकिलानं सांगितलं होतं," तो म्हणाला, "की बायको खोटं बोलतेय म्हणा. भावासाठी बोलतेय म्हणा. कागदावर तुमच्याविरुद्ध दुसरं काही नाही."

"मग?"

"त्यांनी मला तुझी जबानी वाचून दाखवली. भोसरीचं वाचलं." त्यानं घसा साफ केला. "मी म्हणालो, तिनं सांगितलंय ते खरं आहे. मला माहीत होतं."

खिडकीशी उभ्या असलेल्या सम्राटनं ते ऐकलं.

निकाल यायला पंधरा दिवस लागले. शिफ्ट इनचार्जची निवड रद्द झाली आणि परीक्षा बाहेरच्या माणसांकडून पुन्हा घ्यायची ठरली. अजितची नोकरी राहिली, पण माणसं निवडायचा, बदल्या करायचा अधिकार गेला. सहा माणसांना कुणी हात लावला नाही. ज्या भीतीपोटी इतकं सगळं झालं होतं, ती भीतीच फोल निघाली. सम्राटला वजनकाट्यावरून काढून तपासणी विभागात परत घेतलं. कुमारची सोयरीक मात्र आंबवडेकरांनी मोडली. फुलाबाई त्यानंतर माधुरीच्या भोरच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी, कुमारचीही जबानी झाल्यावर, दुपारच्या पाळीचा भोंगा वाजला. सम्राटला अजून वजनकाट्यावरच जायचं होतं. तो टोपी घालून निघाला आणि माधुरीपाशी थांबला. कालपासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"ताई, तू दोनदा सांगितलंस," तो म्हणाला. "आजचं मला कळलं. पण मार्चमधलं अजून मनातून जात नाही."

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "जाईल तेव्हा ये."

त्यानं मान डोलावली आणि तो भंगाराच्या गेटाकडं चालू लागला. गेटाबाहेर लोखंडाच्या सालपटांनी भरलेला एक टेम्पो केव्हाचा वजनासाठी उभा होता.